ढाक्याची शिलाई मशिनं थांबू देऊ नका

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचं सरकार कोसळलं आणि त्या देश सोडून गेल्या. त्यानंतर आपल्याकडच्या अर्थविषयक बातम्यांमध्ये एक चर्चा जोरात होती : बांगलादेशच्या ऑर्डरी आता भारताकडे वळणार. तिरुपूरच्या कपडा कारखान्यांच्या वाट्याला किती येतील, कुठल्या कापड कंपनीचा शेअर वधारेल, याचे अंदाज रंगले. ज्यांच्या हातचं काम जाणार होतं, त्यांची विचारपूस फारशी कुणी केली नाही. हा लेख त्यांच्या कामासाठी आहे. ते काम वाचवायला हवं आणि ते वाचवण्यात मराठी वाचकही हातभार लावू शकतो, हे मी पूर्ण विचारांती म्हणतो आहे.

बांगलादेशात सुमारे चाळीस लाख माणसं तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करतात. त्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. ढाका, त्याला लागून असलेले सावर, आशुलिया, गाझीपूर, नारायणगंज आणि दक्षिणेकडे चितगाव, असा हा पट्टा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात इथून ३९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे कपडे बाहेर गेले. देशाच्या एकूण निर्यातीत त्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. देशात येणारं तेल, धान्य, यंत्रसामग्री यांसाठी लागणारे डॉलर मुख्यतः या कारखान्यांतून आणि परदेशी राबणाऱ्या बांगलादेशींच्या पैशातून येतात.

हे सगळं उभं राहिलं ते पन्नास वर्षांच्याही आत. १९७९ मध्ये नूरुल कादेर यांच्या देश गारमेंट्सनं दक्षिण कोरियातल्या देवू कंपनीशी केलेल्या करारानुसार १३० जणांना बुसानला शिकायला पाठवलं. परत आल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते, त्यामुळे ज्या देशाचा कोटा शिल्लक असेल तिथे खरेदीदार जात. २००५ च्या सुरुवातीला ते कोटे उठले. आता चीनपुढे बांगलादेश टिकणार नाही, असं तेव्हा जाणकार सांगत होते. तो टिकला आणि वाढला. ज्या गावांतून बायकांनी पगाराच्या कामासाठी बाहेर पडायची पद्धत नव्हती, तिथल्या मुली ढाक्याला आल्या, खोली भाड्यानं घेऊन चौघी-चौघी राहिल्या, घरी पैसे पाठवू लागल्या. त्यांच्या पगाराचं मोल फक्त टका या तिथल्या चलनात होत नाही. लग्न कधी करायचं, धाकट्या बहिणीला शाळेत किती शिकवायचं, यात त्यांच्या शब्दाला त्या पगारानं किंमत आणली.

पण या धंद्याच्या रचनेत एक मोठा अन्याय आहे. मंदी आणि राजकीय अशांतता या दोन्ही वेळा घाव नेमका कुठे बसतो, हे त्यावरून कळतं.

खरेदीदार कंपनी कित्येक महिने आधी ऑर्डर देते. त्या ऑर्डरच्या आधारावर कारखानदार बँकेकडून ‘बॅक टू बॅक एलसी’ काढतो, म्हणजे निर्यातीच्या कागदावर आयातीची उधारी उभी करतो, आणि सूत, कापड, बटणं, चेन मागवतो. कापड आलं की कटिंगच्या लांबलचक टेबलावर थरावर थर पसरून कापलं जातं, तुकड्यांचे गठ्ठे बांधून लाइनवर जातात. लाइनवरची एक बाई दिवसभर फक्त खांद्याची शिलाई मारते, पुढची बाही लावते, तिच्यापुढची गळ्याची पट्टी. मध्ये हेल्पर मुली लोंबते दोरे कापत उभ्या असतात. तासाला किती पीस झाले, हे लाइनच्या टोकाशी टांगलेल्या फळ्यावर लिहिलं जातं. मग तपासणी, इस्त्री, पॅकिंग, कंटेनर. आणि पैसे? बऱ्याच ऑर्डरींचे पैसे माल जहाजावर चढल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मिळतात, कधी त्याहून उशिरा. तोवर कापडाची उधारी, वीज, डिझेल आणि पगार हा सगळा भार कारखान्यावर असतो. युरोप-अमेरिकेतल्या दुकानात माल पोहोचेपर्यंत खरेदीदाराचा पैसा बहुधा त्यात गुंतलेला नसतो. त्यामुळे संकट आलं की त्याला निघून जाणं सोपं असतं. कारखान्याला तसं जाता येत नाही, आणि कामगाराला तर मुळीच नाही.

मार्च २०२० मध्ये हे साऱ्या जगानं पाहिलं. कोरोनाच्या साथीमुळे युरोप-अमेरिकेतली दुकानं बंद झाली आणि खरेदीदारांनी ऑर्डरी रद्द करायला सुरुवात केली. त्यांत शिवून तयार असलेला मालही होता. बांगलादेशच्या कारखानदारांच्या संघटनेनं केलेल्या नोंदीत सुमारे ११५० कारखान्यांच्या ३ अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या ऑर्डरी रद्द किंवा स्थगित झाल्या होत्या, आणि त्याची झळ वीस लाखांहून अधिक कामगारांना बसली होती. करारातल्या ‘दैवी आपत्ती’च्या कलमाकडे बोट दाखवून कापडाचे पैसेही नाकारले गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कारखाने सुरू होणार असं कळल्यावर गावी गेलेले हजारो कामगार, बस-रेल्वे बंद असताना, पायी ढाक्याकडे निघाले. कामावर गेलं नाही तर मार्चचा पगारही बुडेल, ही भीती होती. ते पोहोचतात तोच रात्री निरोप आला : टाळेबंदी वाढली, कारखाने उघडणार नाहीत. पुन्हा परतीची वाट.

त्या वर्षी एक गोष्ट मात्र सिद्ध झाली, आणि माझ्या आवाहनाचा सगळा आधार तीच आहे. ‘पे अप’ नावाची मोहीम उभी राहिली. सामान्य ग्राहक, कामगार संघटना, विद्यार्थी यांनी कंपन्यांची नावं घेऊन जाहीरपणे विचारायला सुरुवात केली की शिवून घेतलेल्या कपड्यांचे पैसे देणार की नाही. एकामागून एक अनेक बड्या कंपन्यांनी तयार झालेल्या मालाचे पूर्ण पैसे देण्याचं जाहीर केलं. कुठल्याही न्यायालयानं त्यांना तसं सांगितलं नव्हतं. लोकांनी विचारलं, म्हणून त्यांनी दिले.

मग आलं राजकीय वादळ. त्याची पूर्वखूण आधीच दिसली होती. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किमान वेतनासाठी गाझीपूर-आशुलियात आंदोलन पेटलं. कामगारांची मागणी महिना २३,००० टक्यांची होती, ठरले १२,५०० टका. त्याआधीचं वेतन पाच वर्षांपूर्वीचं, ८,००० टका होतं. दरम्यान तांदूळ, तेल, खोलीभाडं सगळंच वाढलेलं. आंदोलनात चार कामगार गेले, हजारोंवर गुन्हे दाखल झाले.

जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्धच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, देशभर संचारबंदी लागली, इंटरनेट तोडलं गेलं. इंटरनेट बंद पडल्यावर कपड्याच्या कारखान्यात काय होतं, याचा विचार आपण सहसा करत नाही. सीमाशुल्काची कागदपत्रं पुढे सरकत नाहीत. चितगाव बंदरात कंटेनर साचतात. खरेदीदाराचा ई-मेल वाचता येत नाही, नमुन्याला मंजुरी मिळत नाही. तारीख चुकली की खरेदीदार दोनच पर्याय ठेवतो : माल स्वतःच्या खर्चानं विमानानं पाठवा, नाहीतर किंमत कमी करा. दोन्हींत कारखान्याचा नफा जातो, आणि पुढच्या महिन्याचा पगार अडकतो.

सरकार बदललं तरी अशांतता संपली नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून आशुलियात रोज कुठला ना कुठला कारखाना बंद राहू लागला. थकलेले पगार, हाजिरी बोनस, टिफिन बिल, नाइट बिल, काळ्या यादीत टाकलेल्यांना परत घेणं, अशा मागण्या होत्या, आणि त्या रास्तच होत्या. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली. कटिंगनंतर उरणाऱ्या चिंध्यांना तिथे ‘झूट’ म्हणतात. या झुटाचा धंदा मोठा आहे, आणि तो सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक माणसांच्या हातात असायचा. सत्ता गेली तशी झुटावरच्या ताब्यासाठी नव्या टोळ्या कारखान्यांच्या फाटकांवर भिडल्या. बाहेरून पाहणाऱ्याला सगळाच गोंधळ ‘कामगारांचा’ वाटला. मालकांनी कामगार कायद्याच्या १३(१) कलमाखाली कारखाने बंद केले, म्हणजे काम नाही तर पगारही नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरकार, मालक आणि कामगार नेते यांच्यात अठरा मुद्द्यांवर समझोता झाला. त्यानंतर काही दिवसांतच आशुलियात एक कामगार गोळी लागून मेला.

राजकीय वादळाचा घाव कामगारांवर बसल्याचं याच काळातलं दुसरं उदाहरण म्हणजे गाझीपूरचा बेक्सिम्को उद्योगसमूह. त्याचे एक मालक हसीनांचे सल्लागार होते. त्यांना अटक झाली, बँकांची प्रचंड कर्जं उघडी पडली, आणि फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस समूहाचे कपड्यांचे कारखाने कायमचे बंद झाले. तीस हजारांहून अधिक कामगार घरी बसले. बँकेचा पैसा लाटणं हा गुन्हा आहे, त्याची चौकशी व्हायलाच हवी. पण तो गुन्हा त्या तीस हजारांतल्या एकाही ऑपरेटरनं केला नव्हता.

एवढ्यावर थांबलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं बांगलादेशच्या मालावर ३७ टक्के जादा आयातशुल्क जाहीर केलं, जुलैत ते ३५ टक्के म्हणून सांगितलं, ऑगस्टमध्ये २० टक्क्यांवर आणलं. या चार महिन्यांत कारखान्यांना कशाचाच नेम धरता येत नव्हता. अमेरिकेतल्या एका बड्या साखळी दुकानासाठीची जवळजवळ दहा लाख पोहण्याच्या चड्ड्यांची ऑर्डर अशीच लटकून राहिली होती. शिवाय बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायच्या वाटेवर आहे, ठरलेल्या वेळापत्रकात त्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. त्यानंतर तीन वर्षांची सवलत संपली की युरोपातली सध्याची शुल्कमाफीही जाणार. देशाची प्रगती झाली म्हणून मिळणारा हा मान, पण त्याचा भुर्दंड आधी लाइनवरच्या बाईला पडेल.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. कारखाने बंद पडले तर पगार जातील, हे उघड आहे. पण त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाईल, जी मिळवायला फार मोठी किंमत मोजावी लागली होती.

२४ नोव्हेंबर २०१२ ला आशुलियात ताझरीन फॅशन्सला आग लागली. किमान ११२ कामगार मेले. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ ला, सावरमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी तिच्या भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी मात्र कामगारांना सकाळी आत बोलावलं, शिपमेंटची तारीख होती म्हणून. १,१३४ माणसं गेली. अडीच हजारांवर जखमी झाली, कित्येकांचे हातपाय ढिगाऱ्याखालीच कापून त्यांना बाहेर काढावं लागलं.

त्यानंतर काही आठवड्यांतच ‘ॲकॉर्ड’ हा करार झाला. एका बाजूला जागतिक आणि बांगलादेशी कामगार संघटना, दुसऱ्या बाजूला दोनशेहून अधिक कपडे कंपन्या. तो कायद्यानं बंधनकारक होता, कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. अभियंते सोळाशेहून अधिक कारखान्यांत गेले. खांब तपासले, विजेच्या सदोष तारा बदलायला लावल्या, जिन्यांना आगरोधक दारं बसवायला लावली, बाहेरून कुलूप लागणारी दारं काढायला लावली. कामगाराला तक्रार करायला स्वतंत्र जागा मिळाली, आणि धोका दिसला तर काम नाकारायचा हक्क मिळाला. त्या करारानंतर राणा प्लाझासारखा दुसरा संहार तिथल्या या कारखान्यांत झालेला नाही. आता हे काम तिथल्या आरएससी या संस्थेकडे आहे, तिच्या कारभारात कामगार संघटना, कारखानदार आणि खरेदीदार कंपन्या तिघेही आहेत.

या तपासणीचा आणि देखरेखीचा खर्च मुख्यतः खरेदीदार कंपन्यांच्या वर्गणीतून भागतो. कंपनी देश सोडून गेली की तिची वर्गणी जाते आणि तिचा धाकही जातो. आगरोधक दार बसवायचं की नाही, हे मग पुन्हा एकट्या मालकाच्या हिशेबावर येतं, आणि मंदीत तो हिशेब कसा होतो हे आपण जाणतो.

२०१३ च्या करारात एक कलम होतं, ज्याची आठवण आज कंपन्यांना करून द्यायला हवी. दुरुस्तीसाठी पैसे घालणाऱ्या मुख्य कारखान्यांकडून पहिली दोन वर्षं तरी, व्यवहार्य असेल तिथवर, पूर्वीइतकीच किंवा अधिक खरेदी करू, असं कंपन्यांनी त्यात लिहून दिलं होतं. म्हणजे संकटात पळून जाणार नाही, असं वचन देता येतं. ते एकदा दिलं गेलं, आणि त्यामुळे कुठलीही कंपनी बुडाली नाही. तसंच वचन या वेळी मिळवायचं आहे : अशांततेचं कारण सांगून ऑर्डर काढून न्यायची नाही, कापड कापलेल्या ऑर्डरीचे पैसे थांबवायचे नाहीत, आणि खरोखर जायचंच असेल तर पुरेशी आधी सूचना देऊन, कामगारांची कायदेशीर देणी चुकती होतील हे पाहून जायचं. वेतनवाढ झाली की तिचा भार कपड्याच्या खरेदीदरात धरायचा. यात अवाजवी काही नाही.

यात आपलं काय, असं कुणी विचारेल. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्याचं पुढे काय झालं हे परळ-लालबागच्या घराघरांत माहीत आहे. संप चालू असताना देशातला कापड बाजार काही ओस पडला नाही. काम भिवंडीच्या आणि इतर गावांच्या यंत्रमागांवर गेलं, कमी मजुरीत, विनासंघटना, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. यंत्रमाग कामगाराचं त्यात भलं झालं नाही, आणि गिरणी कामगाराचं तर गेलंच. ढाक्यातून निसटलेली ऑर्डर आपल्या देशात आली तरी ती तशीच येईल, ज्या दरानं तिथे परवडत नव्हती त्याहून कमी दरानं, आणि ॲकॉर्डसारखं कुठलंही बंधन मागे टाकून. म्हणून तिचं स्वागत करताना मला आनंद होत नाही.

धंद्याच्या नजरेनं पाहिलं तरी हेच दिसतं. भारताच्या सुती सुताचा सर्वांत मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे, आणि आपला कापूसही तिथे जातो. तिथली लाइन थांबली की इथली सूतगिरणी मंदावते, आणि विदर्भ-खान्देशातल्या कापसाच्या भावावर त्याचं सावट येतं. तरी २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या वाटा अडवल्या. एप्रिलमध्ये भारतानं बांगलादेशी मालाला आपल्या भूमीतून पुढे जाण्याची सवलत काढली, बांगलादेशनं भूमार्गानं येणारं भारतीय सूत थांबवलं, मे महिन्यात भारतानं बांगलादेशी तयार कपडे भूमार्गानं घेणं बंद करून ते फक्त कोलकाता आणि आपल्या न्हावा शेवा या बंदरांतून यावेत असा आदेश काढला. सीमेवर एका ट्रकनं होणारं काम जहाजाच्या फेऱ्यात पडलं. राजकारण्यांचं भांडण दोन्हीकडच्या कामगारांनी कशासाठी सोसायचं? आपल्या खासदारांना हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही, विशेषतः कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतल्या.

बहिष्कार मात्र घालू नका. ‘मेड इन बांगलादेश’ पाहून कपडा परत ठेवलात, तर ती शिक्षा ज्या बाईनं तो शिवला तिलाच होते. कपडा घ्या आणि प्रश्न विचारा. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये एचअँडएम, झारा, युनिक्लो, मार्क्स अँड स्पेन्सर यांची दुकानं आहेत. यांच्या मूळ कंपन्यांनी ॲकॉर्डवर सही केलेली आहे. त्यांना विचारा, बांगलादेशातली खरेदी तुम्ही टिकवणार का. वॉलमार्ट आणि गॅप यांनी २०१३ मध्ये त्यावर सही न करता आपली वेगळी आघाडी काढली होती. अशांना विचारा, सही का नाही.

न्यू जर्सी, लंडन, ड्युसेलडॉर्फ, सिंगापूर इथे राहणाऱ्या मराठी मंडळींना माझी खास विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी या कंपन्यांच्या खरेदी विभागात, कुणी हिशेबात, कुणी त्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करत असाल. ऑर्डर रद्द करायचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे त्या ऑर्डरवर किती माणसांचा पगार अवलंबून आहे, हा एक प्रश्न तुम्ही विचारू शकता. आणि इथले जे कारखानदार ढाक्याहून वळलेली ऑर्डर घेणार असतील, त्यांनी ती तिथल्यापेक्षा कमी दरात घेऊ नये. आज तिथल्या कामगाराला पाडून मिळालेलं काम उद्या याच पद्धतीनं इथूनही जाईल.

ॲकॉर्डवर सही केलेल्या कंपन्यांची यादी त्याच्या संकेतस्थळावर खुली आहे. तुमच्या कपाटातल्या कपड्यांच्या लेबलांवरची नावं तिच्यात शोधा, आणि जे नाव सापडणार नाही त्या कंपनीला या आठवड्यात पत्र लिहा.